काळ्या पडद्यातला हॉल

१

नंदकिशोर परुळेकरांनी एकतीस वर्षं बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढले आणि एवढ्या वर्षांत एकाही नकाशाची चौकट कुठे तुटू दिली नाही. त्यामुळे शौनकने नेरूळच्या घरात हॉलमधल्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडून पहिला नकाशा उघडला, तेव्हा एवढ्या मोठ्या चित्राचं कौतुक राहिलं बाजूला आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं :

"चौकट कुठे गेली?"

"बाबा, आधी बघा तरी. केवढं क्लिअर दिसतंय!"

"दिसतंय रे. चौकट कुठे गेली?"

खरंच नव्हती. चारही बाजूंनी बोटबोटभर नकाशा गायब होता. शौनक हसला. "टीव्ही कडा खातो, बाबा. जुनी खोड आहे त्याची. सिनेमा बघताना कोणाला कळत नाही. तुमच्यासारखं गिऱ्हाईक भेटलं की पकडला जातो." रिमोट घेऊन तो सेटिंगमध्ये शिरला, काहीतरी बंद केलं, काहीतरी चालू केलं, आणि चौकट चारही बाजूंनी जागेवर आली.

निवृत्तीनंतर नंदकिशोर एका आर्किटेक्टकडचे नकाशे घरी बसून काढून देत. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं, आणि लॅपटॉपवरच्या रेघा आता मुंग्यांच्या रांगेसारख्या हलायला लागल्या होत्या. काम सोडणं त्यांच्या जिवावर आलं होतं. तेव्हा ही टीव्हीची अक्कल शौनकचीच. पन्नास इंची, फोर-के, दिवसभर भिंतीवर नुसता टांगलेला. डायनिंग टेबल ओढून टीव्हीच्या भिंतीला लावलं की झालं ऑफिस. स्मिताताईंची अट एकच होती, सहानंतर टीव्ही त्यांचा. आणि एक कुरकुर होती. "तोंड दक्षिणेकडे करून बसणार तुम्ही दिवसभर."

"नकाशाला उत्तर कुठे आहे ते महत्त्वाचं, माझ्या तोंडाचं काय घेऊन बसलीस," नंदकिशोर म्हणाले. मागच्या बाल्कनीतून येणारा उत्तरेचा सारखा उजेड त्यांना हवाच होता.

आणखी एक खोट निघाली. माउस हलवला की पडद्यावरचा बाण किंचित मागाहून यायचा, शाळेत निघालेल्या नाखूश पोरासारखा. त्यावरही शौनककडे औषध होतं. "टीव्ही आलेलं चित्र आधी घासूनपुसून घेतो, मग दाखवतो. तेवढा उशीर. गेम मोड लावला की घासणं बंद."

"म्हणजे मी जे करतो ते मला उशिरा दिसत होतं?"

"किंचित."

"आणि आता?"

"आता जेव्हाचं तेव्हा. टेन्शन नका घेऊ." शौनकने हेल्मेट उचललं, फोन गालाशी हेल्मेटच्या आत खोचला आणि ऐरोलीला ऑफिसला निघाला. फोन खोचण्याचं कारण नंदकिशोरच. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी शौनकच्या फोनची बॅटरी गेली आणि दोन तास पत्ता नाही. घरात दोघं नवराबायको एकमेकांकडे बघत बसले होते. त्या दिवसापासून घरात कायदा झाला, बाबांचा फोन आला की तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचा, कुठेही असलास तरी. "गाडीवर असताना तरी सोडा त्याला," असं स्मिताताई म्हणत. "हात कुठे लावावा लागतो? फोन कानाशीच असतो," असं नंदकिशोर म्हणत आणि दहा वाजता फोन लावत. पोरगं बिचारं दुसऱ्याच रिंगला उचलायचं.

२

कॉम्प्युटरवर नकाशे काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांनी काढले जातात. म्हणजे पन्नास इंची काळी काच, आणि तिच्यात मागचा अख्खा हॉल. मध्ये त्यांचं स्वतःचं डोकं, उजेड पाठीमागून असल्यामुळे नुसतं काळं. त्यामागे सोफा, सोफ्यावर स्मिता, तिच्यामागे बाल्कनीचं दार.

पहिले दोन दिवस त्यांना याचा त्रास झाला. तिसऱ्या दिवशी आवडायला लागलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण दुपारी ही बाई घरात काय करते ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, त्या वेळी ते बेलापूरला असत, आणि नंतर लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलेलं असे. आता पांढऱ्या रेघांच्या पलीकडे स्मिता मेथी निवडायची, मध्येच काहीतरी आठवून स्वतःशीच हसायची, मान वाकडी करून चष्मा पुसायची. आपल्याकडे कोणी बघतंय हे तिला ठाऊक नव्हतं. नंदकिशोरांना ती अशी फार आवडली, आणि हे आपण तिला कधी सांगणार नाही हेही त्यांना माहीत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी काचेतल्या स्मिताच्या मांडीवरून ताट घसरलं. मेथी फरशीवर पसरली, ती "अगं आई" म्हणावं तशी वाकली.

मग ताटाचा आवाज आला. मग "अगं आई" आली.

नंदकिशोर वळले. मागे स्मिता वाकत होती.

"लागलं का?"

"ताट पडलंय, मी नाही," स्मिता म्हणाली.

ते पुन्हा कामाला लागले. आवाज प्रकाशाच्या मागाहून येतो हे ते शाळेत शिकले होते. पण ते ढगांच्या बाबतीत. चौदा फुटांच्या हॉलमध्ये नाही.

३

माणूस मोजणारा असला की घाबरायच्या आधी मोजतो. नंदकिशोरांनी पेन्सिल आणि वही घेतली, फोनमधलं स्टॉपवॉच काढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेणूबाईंची वाट बघत बसले. वेणूबाई करावे गावातल्या, लादी पुसायला यायच्या, आणि त्यांचा क्रम ठरलेला होता. बाल्कनीच्या दारापासून सुरुवात, सोफ्याखालून, टेबलापर्यंत.

काचेतल्या वेणूबाई बाल्कनीच्या दाराशी वाकल्या. त्यांनी घड्याळ दाबलं. खऱ्या वेणूबाई अजून बादलीत फडकं पिळत होत्या. पाण्याचा आवाज थांबला, पावलं वाजली, फडकं फरशीला लागलं. त्यांनी घड्याळ थांबवलं. चार सेकंद.

"काय मोजताय काका?" वेणूबाईंनी विचारलं. "माजं काम हलू हाय का?"

"नाही हो. माझंच मोजतोय."

दुसऱ्या दिवशी अकरा सेकंद भरले. तिसऱ्या दिवशी चाळीस. वहीत तीन आकडे त्यांनी एकाखाली एक मांडले. त्यातून काही सरळ रेघ निघत नव्हती.

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला, पण आडून. "शौनक, त्या गेम मोडमुळे चित्र पुढे जाऊ शकतं का रे?"

"पुढे म्हणजे?"

"म्हणजे व्हायच्या आधी."

शौनक भाताचा घास हातात धरून हसत सुटला. "बाबा, तसं असतं तर मी घरी बसून क्रिकेटवर पैसे नसते लावले?"

"पडद्यातलं नाही. पडद्यावर जे उमटतं ते. प्रतिबिंब."

"त्याला कसला लॅग? त्याला केबल पण लागत नाही. काच ती काच." मग जरा सांभाळून त्याने विचारलं, "डोळे परत दाखवायचे का?"

स्मिताला त्यांनी सरळच सांगितलं. तिने हात पुसले आणि त्यांच्या खुर्चीत जाऊन बसली. ते बाजूला उभे राहिले. बाजूने पाहिलं की काचेत नुसता बाल्कनीचा उजेड चकाकत होता.

"काय दिसतंय?"

"मी दिसतेय. केस पांढरे झालेत."

"आणि मागे?"

"मागे सोफा. रिकामा." ती उठली. "मी इथे बसलेय म्हटल्यावर रिकामाच असणार ना तो. अहो, आठ दिवस काम बंद ठेवा, मी सांगते."

तिचं बरोबर होतं. खुर्चीत जो बसेल त्यालाच काचेतला सोफा दिसणार, आणि स्मिता एका वेळी दोन ठिकाणी बसू शकत नव्हती. यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. नंदकिशोरांना स्वतःच्या एकटेपणाची अशी धास्ती आधी कधी वाटली नव्हती.

४

पुढच्या आठवड्यात मोजणं सुटलं. मिनिटं झाली, मग अर्धा तास झाला, मग घड्याळ लावायचं तरी कुठून कुठपर्यंत तेच कळेना. दुपारी दोनच्या उन्हात काचेतल्या हॉलमध्ये ट्यूबलाइट लागलेली असायची, बाल्कनीच्या दाराबाहेर काळोख असायचा आणि शौनक बूट काढत असायचा. संध्याकाळी तो खरोखर यायचा आणि तस्सेच, आधी डावा मग उजवा, बूट काढायचा. नंदकिशोर सोफ्यावरून बघत राहायचे.

"काय बाबा?"

"काही नाही. जेवून घे."

एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. काचेतलं कोणीही कधी काचेकडे बघत नसे. सगळी आपापल्या कामात असायची, येणारी-जाणारी. ते त्यांना बरं वाटायचं.

मग एका सकाळी ते खुर्चीत बसले, नकाशा उघडला आणि काचेत खुर्ची रिकामी होती. काळं डोकं नव्हतं. पांढऱ्या रेघा सरळ मागच्या सोफ्यापर्यंत दिसत होत्या, मध्ये कोणी नव्हतं. त्यांनी हात वर केला. काचेत काही हललं नाही. त्यांनी स्वतःला समजावलं, अरे, पुढच्या कुठल्यातरी वेळचा हॉल आहे हा, त्या वेळी तू बाथरूममध्ये असशील, भाजीला गेला असशील. आपण केवढ्या सहजपणे हे समजावतोय हे ध्यानात आल्यावर मात्र ते चटकन खुर्चीतून उठले.

त्यांनी टीव्ही बंद केला. ही चूकच झाली. बंद टीव्ही चालू टीव्हीपेक्षा काळा असतो. रेघाही गेल्या आणि पन्नास इंच हॉल तेवढा उरला.

आतल्या कपाटातून सोलापुरी चादर आणून त्यांनी काचेवर टाकली. सहा वाजता स्मिता मालिका लावायला आली आणि दारातच थबकली. "अगं बाई! काय हे अभद्र! घरात काय झाल्यासारखं झाकून ठेवलंय!" तिने एका झटक्यात चादर ओढली. नंदकिशोर पाठ करून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मालिकेचा आवाज येत होता, स्मिता हसत होती. टीव्ही म्हणून तो टीव्ही उत्तम चालत होता.

५

सोमवारपासून काचेतल्या सोफ्यावर स्मिता दिसेना.

सकाळी बघितलं, नाही. दुपारी बघितलं, नाही. मंगळवारी सोफाच भिंतीला सरकवलेला दिसला आणि हॉलच्या मध्यावर नुसती मोकळी फरशी. स्मिताने चौतीस वर्षांत स्वतः असताना कोणाला फर्निचर हलवू दिलं नव्हतं. टेबल या भिंतीला लावायला चार दिवस मनधरणी करावी लागली होती. तिला न विचारता सोफा हलला याचा अर्थ काय, ते नंदकिशोरांनी मनात पूर्ण होऊ दिलं नाही. अर्धंच वाक्य घेऊन ते उठले आणि स्मिताला म्हणाले, "चल, चपला घाल. डॉक्टरकडे जाऊ."

"कोणाला काय झालंय?"

"तुला."

"मला काय झालंय?"

"तेच विचारायला जाऊ."

ब्लडप्रेशर झालं, साखर झाली, ईसीजी झाला. डॉक्टर म्हणाले, "काकू ठणठणीत आहेत. काका, तुमचंच प्रेशर बघू या का?" त्यांचं एकशे सत्तर निघालं. परतताना रिक्षात स्मिता आधी चिडली, मग त्यांचा हात हातात घेऊन बसली. रस्त्यात, लोकांसमोर, तिने असं कधी केलं नव्हतं.

"काय होतंय तुम्हाला? मला सांगा तरी."

"तू जिना उतरताना कठडा धर," नंदकिशोर म्हणाले. "आणि बाथरूमला आतून कडी लावू नकोस."

"बरं."

"आणि ओल्या फरशीवरून चालू नकोस."

"बरं हो," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. नवरा हाताबाहेर चाललाय असं तिला वाटत होतं. ती जाणार असं त्यांना वाटत होतं. दोघंही एकमेकांना जपत तीन जिने चढून घरी आली.

६

टीव्ही घरातून गेलाच पाहिजे, एवढं नंदकिशोरांनी बुधवारी सकाळी ठरवलं. काच गेली की काचेतलं जाईल, असा काही हिशेब त्यांच्याकडे नव्हता. पण हातपाय बांधून बसण्यापेक्षा काहीतरी करणं बरं. अडचण एकच होती. आर्किटेक्टला नकाशे गुरुवारी सकाळी द्यायचे होते, शेवटच्या पानाचं काम बाकी होतं आणि लॅपटॉपवर त्यांना रेघा दिसत नव्हत्या.

शौनकचं त्या दिवशी घरूनच काम होतं. ते त्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मला साधा मॉनिटर आणून दे. छोटा. चकाकणार नाही असा."

"ऑर्डर टाकतो. शुक्रवारपर्यंत येईल."

"आज."

"बाबा, आज कसा—"

"वाशीला दुकानं आहेत. आज आण. आणि तो टीव्ही संध्याकाळी खाली राजश्रीताईंना देऊन टाक. त्यांच्याकडचा बिघडलाय."

"पन्नास इंची टीव्ही देऊन टाकू?"

"शौनक, मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय का?"

शौनकने हेडफोन काढले. बापाच्या आवाजात असं काहीतरी होतं की तो वाद घालायचा थांबला. "ओके," तो म्हणाला. "तीन वाजता माझी मीटिंग संपते. जाऊन येतो. पाऊण तासाचं काम आहे. बॉक्स मागे सीटला बांधीन." मग उगाच हसून म्हणाला, "पण मग संध्याकाळी तुम्ही एक गोळी घेऊन गपगुमान झोपायचं. डील?"

"डील," नंदकिशोर म्हणाले. आठवड्याभरात पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी शौनकने हेल्मेट उचललं आणि फोन गालाशी खोचला. "येतो गं आई." स्मिता आत आडवी झाली होती. तिने आतूनच "सावकाश जा" म्हटलं. खाली बाईक चालू झाल्याचा आवाज आला, सोसायटीच्या फाटकाशी एकदा हॉर्न वाजला, आणि मग दुपार शांत झाली.

७

चार वाजता स्मिता उठली. स्वयंपाकघरात भांडी वाजली, गॅसचा लायटर दोनदा टिकटिकला. ती चालतेय, तिच्या बांगड्या वाजताहेत, हे ऐकून नंदकिशोरांना धीर आला. तोवर शेवटच्या पानाची उत्तर दिशा तरी मांडून ठेवू, म्हणजे मॉनिटर आला की लगेच काम पुढे सरकेल, असं म्हणून ते उठले आणि सकाळी काचेवर पुन्हा टाकलेली चादर त्यांनी बाजूला केली.

नकाशा तसाच उघडा होता. कोपऱ्यात त्यांनी बाण ठेवला, टोक खाली, कारण त्या पानावर उत्तर खाली येत होती. काचेत बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण रेघांच्या मागे, खूप खाली, फरशीलगत, एक पिवळा ठिपका होता. त्यांना वाटलं इंटरनेटच्या डब्याचा दिवा असेल. पण तो डबा वरच्या फळीवर होता आणि त्याचा दिवा हिरवा होता.

ठिपका हलत होता. ती ज्योत होती.

हॉलमध्ये सोफा नव्हता. टेबल नव्हतं. फरशीवर थोडं पीठ पसरलेलं होतं, त्यावर समई नाही, निरांजन नाही, साधी पणती होती, आणि वात काचेच्या बाजूला केलेली होती. त्यांच्या बाजूला. घराचा नकाशा त्यांना झोपेतही येत असे. टीव्हीची भिंत दक्षिणेची. वात दक्षिणेला करून दिवा घरात कधी लावतात ते त्यांना ठाऊक होतं. वडील गेले तेव्हा तो दिवा दहा दिवस सांभाळायचं काम त्यांच्याकडेच होतं.

दोन्ही हातांनी टेबल धरून ते बघत राहिले, कारण न बघता उठणं आता जमणारच नव्हतं.

काचेतल्या आतल्या दारातून एक बाई आली, राजश्रीताईंच्या खांद्यावर हात ठेवून. तिला चटईवर बसवलं गेलं. तिने मान वर केली आणि नंदकिशोरांनी ओळखलं. स्मिता होती ती. विस्कटलेली, सुजलेल्या डोळ्यांची, पण होती. जिवंत होती.

"आहेस!" ते मोठ्याने म्हणाले.

"काय म्हणालात?" स्वयंपाकघरातून स्मिताने विचारलं.

"काही नाही. काही नाही गं." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मग दिवा माझा, त्यांनी मनात म्हटलं, आणि त्या विचाराची त्यांना खरंच भीती वाटली नाही. साठी झाली होती. सगळं बघून झालं होतं. शौनक आहे, तो आईला सांभाळेल. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा घातला.

काचेत स्मिताच्या शेजारी कोणीतरी येऊन बसत होतं. गुडघ्यावर हात टेकून, अवघडत, आधी एक पाय मुडपून मग दुसरा. दाढीचे खुंट वाढलेले. निळ्या चौकटीचा शर्ट. तोच शर्ट या क्षणी त्यांच्या अंगावर होता.

म्हणजे मीही आहे, नंदकिशोरांना वाटलं. दोघंही आहोत.

मग ते मोजायला लागले. सवयच ती. राजश्रीताई दाराशी. वेणूबाई भिंतीला टेकून, तोंडाला पदर लावून. स्मिता. आपण. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. स्मिता, आपण. या घरात माणसं तीनच होती.

फोन टेबलावर होता. तो त्यांनी उचलला. नाव शोधावं लागलं नाही, यादीत सगळ्यात वर तेच होतं, रोज तीनदा लावलेलं. त्यांना फक्त एवढंच सांगायचं होतं की जिथे असशील तिथे थांब. मॉनिटर नको. गाडी बाजूला लाव, रिक्षाने ये, चालत ये, उद्या ये. फोन कानाला लावून ते काचेसमोर उभे राहिले.

एक रिंग गेली.

काचेतल्या नंदकिशोरांनी मान वर केली आणि काचेकडे पाहिलं. इतक्या दिवसांत कोणी तसं पाहिलं नव्हतं. ते दिव्याच्या पलीकडून, पिठाला पाय लागू नये म्हणून वळसा घालून, गुडघ्यांवर रांगत काचेच्या जवळ आले. तोंड उघडं होतं. कुणीतरी मागून त्यांचा दंड धरला, त्यांनी तो झिडकारला. उजवा हात वर करून ते पंजा खाली, खाली, खाली दाबत होते, आणि ओठ पुन्हा पुन्हा एकच शब्द बोलत होते.

ते मला बोलावतायत, नंदकिशोरांना वाटलं, आणि ते एक पाऊल पुढे सरकले.

दुसरी रिंग गेली.

मग ती खूण त्यांना कळली. हातातलं काहीतरी खाली ठेवायला सांगतात तशी होती ती. ठेव. ठेव. फोन ठेव. त्यांनी फोन कानापासून काढला, अंगठा लाल खुणेवर नेला.

तिसरी रिंग वाजलीच नाही.

"हां बाबा!" शौनकचा आवाज आला, हेल्मेटच्या आतून, घुमणारा. मागे जोराचा वारा होता, आणि कुठलातरी मोठा हॉर्न. "पाम बीच रोडवर आहे. मिळाला मॉनिटर. बोला ना."

"कप तीनच ठेवू ना?" स्वयंपाकघरातून स्मिताने विचारलं. "येईलच आता तो."

"बाबा? ऐकतोय मी, बोला."

काचेतल्या नंदकिशोरांनी हात खाली घेतला आणि ते दिव्याला वळसा घालून पुन्हा चटईवर जाऊन बसले.